फक्त परोडांसाठी

गोदामाची फरशी उताराची आहे, त्यामुळे खताच्या पोत्यांची थप्पी सरळ लागत नाही. दुकानदार खाली विटांचे तुकडे सारून ती कशीबशी उभी करतो आणि येईल त्याला सांगतो, बांधणाऱ्यानं काम बिघडवलं. परवा भावासोबत सोयाबीनचं बियाणं घ्यायला वाशीमला गेले होते, तेव्हा मलाही सांगितलं. मी म्हटलं, बांधणाऱ्यानं बरोबर बांधलंय, इथं मागं बसलेल्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून पाहता यायला हवं होतं. त्याला काही कळलं नाही. वय तिशीच्या आतबाहेर असेल, त्याच्या जन्माआधीच इथला सिनेमाचा पडदा उतरला होता.

भाऊ बियाण्याच्या पिशव्या उलटसुलट करून पाहत होता तोवर मी मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आले. भिंतीत वर दोन चौकोनी भोकं होती, ती आता विटा लावून बुजवली आहेत. जुना वास येतो का म्हणून मुद्दाम हुंगून पाहिलं. नाही आला. युरियानं नाक तेवढं झोंबलं. पण मला तो वास पाठ आहे. बिडी, भुईमुगाची टरफलं, डोक्याला चोपडलेलं तेल, आणि दारावर पाणी मारून टांगलेल्या तरटाचा ओला दमट वास. या फरशीवर, बायकांच्या बाजूला, डावीकडून तिसऱ्या बाकावर मी एकदा बसले होते आणि आपली नोकरी गेली असं मला वाटलं होतं.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि आसेगावच्या आमच्या बौद्ध वस्तीत बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग चालवायला नेमलेली. वर्ग विहारात भरायचा. कापूस वेचून झाला होता, शेतात काम कमी होतं, म्हणून दुपारी, जेवणं उरकल्यावर. भिंतीला टेकून बायका बसत. मांडीवर पाटी, हातात पेन्सिल, आणि पेन्सिलीचा तो करकर आवाज. तो सगळ्या पाट्यांवर एकदम सुरू झाला की बाहेरची कुत्री उठून दुसरीकडं जात. पाटी पुसायची ती पदरानं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या प्रत्येक लुगड्याच्या पदराचं टोक राखाडी झालं होतं.

विहाराच्या दारावर पत्र्याचा फलक होता, 'प्रौढ शिक्षण वर्ग, आसेगाव'. बायकांना अक्षरं यायच्या आधी तो पहिला शब्द ओळखता यायला लागला, अख्खाच्या अख्खा, चेहरा ओळखावा तसा. बोलताना त्या 'परोड' म्हणत. मी पुष्कळ दिवस सुधारत राहिले आणि मग सोडून दिलं. 'परोड म्हंजे का वो बाई?' असं पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, प्रौढ म्हणजे तुम्ही. मोठ्या झालेल्या. झालं, तेच त्यांचं नाव पडलं. पारावरचे पुरुष म्हणायचे, 'चालल्या पाहा परोडी.' आणि बायका मान वर करून जायच्या, कारण हे नाव त्यांना सरकारनं दिलं होतं.

या सगळ्यांची पुढारी होती पंचफुलाकाकू. पंचेचाळिशीची, उंच, आवाज असा की वावराच्या या धुऱ्यावरून बोलली की त्या धुऱ्यावर ऐकू जायचं. मी जन्मले तेव्हा मला पहिली आंघोळ तिनं घातली होती, आणि वर्गात मी जास्त रागावले की ती हे सगळ्यांना सांगायची. तिला एकच गोष्ट हवी होती. विहारात दर पौर्णिमेला वंदना व्हायची. एक जण पुस्तकातून म्हणायचा, बाकीचे त्याच्यामागून. 'मले मांगून मांगून नाई म्हनाचं आता,' ती म्हणायची. 'पुस्तक हाती घेऊन म्हनाचं हाय. माह्या डोयानं वाचून.' ती यायची म्हणून तिची नणंद गया यायची. गया नवऱ्याचा मार खाऊन कायमची माहेरी आलेली होती. आणि या दोघी यायच्या म्हणून बाकीच्या यायच्या. पंचफुलाकाकूचा नवरा सोनाजी याला हे सगळं फारसं पसंत नव्हतं, पण त्यानं मोडता घातला नव्हता. तो अडवेल त्या दिवशी वर्ग संपेल, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. महिनाअखेरीला पर्यवेक्षक यायचे. वर्ग रिकामा दिसला तर तो बंद करून दुसऱ्या गावाला देणार होते.

पाट्या वाचायला वाशीमला न्यायची कल्पना माझीच. पुस्तकातलं 'कमल बघ, नमन कर' वाचून बायका कंटाळल्या होत्या. मला वाटलं, बाजारात चला, दुकानांवरचं वाचा, म्हणजे कळेल की अक्षर पुस्तकाबाहेरही असतं. घरोघरी जाऊन परवानगी काढली. सोनाजीकाका म्हणाला, 'न्या. पन सांजच्या आंधी घरी आनजा.' सात बायका आणि मी. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती आणि गयानं येसटीत खिडकी धरली होती.

त्या दिवशी वाशीमनं आमच्यामुळे बरंच काही सोसलं असावं. आम्ही प्रत्येक दुकानापुढं उभ्या राहायचो आणि सात जणी एका सुरात मोठ्यानं वाचायच्या. 'का-प-ड... कापड... दुकान.' 'स्टो-व्ह... दुरुस्ती.' एका न्हाव्याच्या दुकानावर 'उधार बंद आहे' असं होतं, तर पंचफुलाकाकूनं ते वाचून आतल्या माणसाला विचारलं, 'कवापासून?' मुतारीच्या भिंतीवरचं वाचून सगळ्या लाजल्या, पण वाचलं पूर्ण. मला इतका आनंद झाला होता की ऊन लागत नव्हतं. आणि मग आम्ही या टॉकीजच्या वळणावर आलो.

भिंतीवर मोठं रंगवलेलं चित्र होतं. एक माणूस शिडीवरून पडतोय, त्याच्या मागं चार जण लाथा उगारून, आणि कोपऱ्यात एक गोरी बाई टॉवेल धरून उभी. सिनेमाचं नाव हिंदीत रंगवलेलं होतं, ते मला अजिबात आठवत नाही. खाली तांबड्या अक्षरात एक ओळ होती. बायकांनी वरचं नाव वाचलंच नाही. त्यांची नजर थेट त्या ओळीवर गेली, कारण तिच्यात ओळखीचा चेहरा होता.

'फ-क्त...' गया वाचायला लागली.

'परोडांसाठी!' बाकीच्या सहा जणी ओरडल्या.

'अव माय!' पंचफुलाकाकू म्हणाली. 'बाई, हे तं आपल्यासाठीच हाय.'

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मला त्या ओळीचा अर्थ माहीत होता, निदान शहरात माहीत असतो तितपत. पण सांगायचं काय? इतके दिवस मीच म्हणत होते की प्रौढ म्हणजे तुम्ही. आता रस्त्यात उभं राहून, जिनं मला न्हाऊ घातलं तिला कसं सांगायचं की हा शब्द दुसरीकडं गेला की बिघडतो? आणि खरं सांगायचं तर मलाही ते चित्र पाहायचं होतं. ही गोष्ट मी कबूल करायला बरीच वर्षं घेतली.

दारावरचा माणूस आमच्याकडं पाहतच राहिला. 'माय, हा पिच्चर तुमचा नाई,' तो म्हणाला. 'देवाचा पिच्चर पुढच्या हप्त्यात लागून राह्यला. तवा या.'

'काहून आमचा नाई?' पंचफुलाकाकू म्हणाली. 'तुले वाचता येते का? का लिवलं हाय तथी?'

'फक्त प्रौढांसाठी.'

'मंग? आमी परोड आहो. आसेगावच्या. सरकारात नावं हायेत आमची.'

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. दुपारचा खेळ होता, निम्मा रिकामाच असावा. त्यानं तरट बाजूला केलं.

सिनेमा परदेशी होता. भाषा इंग्रजी होती की चिनी, मला आजही सांगता येणार नाही. सुरुवातीला मी घाबरून बसले होते, आता बायका विचारतील काय म्हणतोय आणि मला सांगता येणार नाही. पण कुणी विचारलं नाही. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की तिथं कुणालाच काही कळत नव्हतं. पुढच्या बाकांवर कचेरीतले कारकून होते, कॉलेजची पोरं होती, एक वकीलसाहेबही होते, आणि त्या अंधारात सगळेच अंगठेबहाद्दर. कळायला लागत होतं ते डोळ्यांनी. एक बारका आचारी होता. त्याच्यामागं गुंड लागलेले. तो पिठाच्या पोत्यात पडायचा, पांढरा होऊन उठायचा, गुंडांना भूत वाटायचा. जिन्यावरून चार जण एकमेकांत अडकून खाली यायचे. मारामारी सगळी अशी की कढई, लाटणं, झाडू, जे हाताला लागेल ते. बायकांना हत्यारं सगळी ओळखीची होती.

ठोसा बसला की धाडकन आवाज व्हायचा. गया माझ्या कानाशी वाकून म्हणाली, 'बाई, मार असा वाजत नाई कधी.' आणि मग स्वतःच हसली, इतकं की ठसका लागला. माहेरी आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आणि मग ते आलं. आचारी पळता पळता एका बाईच्या खोलीत शिरतो आणि पलंगाखाली लपतो. ती न्हाणीतून येते, अंगावर नुसता टॉवेल. दारात नवरा. कपाटात आधीच कोणी दुसरा. हॉलमध्ये पोरांच्या शिट्ट्या सुरू झाल्या. सात पदर सात तोंडांवर गेले. मी डोळे मिटले आणि मनात राजीनामा लिहायला घेतला. तेवढ्यात अंधारातून पंचफुलाकाकूचा तो वावरातला आवाज आला, 'अव माय, गारठून मरन ना थे पोरगी! लुगडं द्या व कोनी तिले!'

शिट्ट्या थांबल्या. आणि सगळी टॉकीज हसायला लागली. कारकून, पोरं, वकील, भोकामागचा मशीन चालवणारासुद्धा. तिथून पुढं सिनेमा तिनंच चालवला. 'अरे, कपाटात पाह्य ना लेका!' 'पलंगाखालून पाय दिसून राह्यला त्याचा!' नवऱ्यानं शेवटी कपाट उघडलं आणि कपाटच त्याच्या अंगावर पडलं, तेव्हा ती म्हणाली, 'बरं झालं. घरी यायची बी एक येळ असते मानसाची.' पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, 'बोल माय, बोल!' आणि ती बोलत राहिली.

अशा सिनेमांना लोक का जातात, यावर मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, काही शाळेत मास्तरीण झाल्यावर स्वतः केलेही आहेत. पण त्या बाकावर जे दिसलं ते असं. मोठ्या माणसाच्या आयुष्यात हसण्यासारखं जे असतं, पलंग, दार, नवरा, मालक, पोलीस, ते सगळं पोराबाळांसमोर आणि सासूसासऱ्यांसमोर गिळून टाकायचं असतं. त्या बायका बाराव्या-तेराव्या वर्षी चुलीपुढं बसल्या तेव्हाच मोठ्या झाल्या होत्या. त्यांचं बालपण कुणी विचारलं नव्हतं आणि मोठेपणाची मजाही कुणी दिली नव्हती. इथं एका खोलीत कुणी लहान नव्हतं, कुणी वडील नव्हतं, अंधार होता, आणि पडणाऱ्याला लागत नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. वाईट अशासाठी की हे एकदाच मिळणार होतं, आणि त्याचीही किंमत लागणार होती.

ती लागलीच. मध्यंतरात उजेड झाला तेव्हा पुरुषांच्या बाजूला आमच्या गावचा किराणावाला बसलेला होता. त्यानं आम्हाला पाहून टोपी डोळ्यांवर ओढली. येसटीतून परत येताना बायका गाणी म्हणत होत्या. मी तेवढी त्या टोपीचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहाराच्या दारात सोनाजीकाका उभा होता.

'बाई, तुमी पाट्या वाचाले नेलं होतं ना?'

'हो काका. पाट्याच वाचल्या.'

'मंग थे उघडी बाई कोन्या पाटीवर होती?'

मी हातातली कोरी पाटी पदरानं पुसायला लागले.

'तुमी शिकेल पोरगी हा. तुमच्या भरवशावर धाडलं आमी. आता आमच्या घरची कोनी येनार नाई.'

कोणी आलंही नाही. त्याच्या घरच्या दोघी नाहीत म्हणून बाकीच्याही नाहीत. चार दिवस मी एकटी विहारात बसले. पाट्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या, चिमण्या आत येऊन बाहेर जात होत्या, आणि महिना संपायला सहा दिवस राहिले होते. पंचफुलाकाकूला जोडाक्षरं यायला लागली होती. वंदनेच्या पुस्तकात पानोपानी जोडाक्षरं आहेत, म्हणून मी ती तिला मुद्दाम आधी शिकवली होती. अजून पंधरा दिवस मिळाले असते तर ती वाचू लागली असती. माझ्या एका न बोललेल्या वाक्यापायी ते गेलं, असं वाटून मी एका दुपारी तिथंच रडले.

पाचव्या दिवशी पंचफुलाकाकू आली. पाठोपाठ गया, आणि मग एकेक करत सगळ्या. ती नेहमीच्या जागी बसली आणि पाटी घेतली.

'काकांनी येऊ दिलं?' मी विचारलं.

'थ्यानंच धाडलं,' ती म्हणाली. 'चार दिस तोंड फुगोऊन होता. काल म्या इचारलं, कावो, थो पिच्चर कसा हाय हे तुमाले कसं माईत? थो म्हने, लोकं सांगतेत. म्या म्हनलं, लोकाइनं कपाट पडल्याचं बी सांगतलं का? म्या कपाटाचं नाव काढलं आन् थ्याच्या मिशीत हासू आलं. मले समजलं. थो बी गेलता, बाई. हप्ताभर आंधी. किराणावाल्यासंगंच. थो किराणावाला तं आपल्या दिशी दुबार आलता.'

बायका खिदळायला लागल्या. काकूनं हातानं गप्प केलं.

'मंग म्हने, पाटीवर का लिवलं होतं? थ्याले का वाचता येते? थो तसाच घुसला होता. म्या सांगतलं, फक्त परोडांसाठी. म्हने, म्हंजे म्या बी चालतो? म्या म्हनलं, तुमी तं पक्के परोड. मंग थो हासला आन् म्या बी हासली. थो कपाटाचं सांगे, म्या पिठाचं सांगो. भाकर करपली माही.' मग ती पाटीवरच्या पुसलेल्या जागेवर बोट फिरवत म्हणाली, 'लगनाले तीस वर्सं होत आली, बाई. आमी दोगं एका गोष्टीवर कधी हासलोच नोतो.'

मग गयानं पेन्सिलीला थुंकी लावली आणि करकर सुरू झाली. पर्यवेक्षक आले तेव्हा वर्ग भरलेला होता. पुढं काही महिन्यांनी एका पौर्णिमेला काकूनं पुस्तक हातात घेऊन वंदना म्हटली. दोन ठिकाणी अडखळली, पण मागून म्हटली नाही.

भावानं हाक मारली. बियाणं घेऊन झालं होतं, येसटीची वेळ झाली होती. गोदामातून स्टँडकडं जाणारा रस्ता तोच आहे, दुकानं मात्र सगळी बदललीत. पाट्याही आता छापील, चकचकीत, निम्म्या इंग्रजीत. याच रस्त्यावर मी त्या दोघांना एकदा पाहिलं होतं.

त्याच वर्षी, दिवाळीच्या थोडं आधी. मी वर्गाचे कागद द्यायला कचेरीत आले होते. समोरच्या बाजूनं सोनाजीकाका आणि पंचफुलाकाकू येत होते, टॉकीजच्या दिशेनं. आमच्याकडं तेव्हा नवरा-बायको सोबतीनं चालत नसत. नवरा पुढं, बायको दहा पावलं मागं, असाच रिवाज होता आणि ते तसेच चालले होते. पण दुकान आलं की सोनाजीकाका थांबायचा. मान वर करून पाटीकडं बघायचा, आणि मग मागं वळून तिची वाट पाहायचा. ती यायची, त्याच्या शेजारी उभी राहून वाचायची, तो मान डोलवायचा, आणि पुन्हा पुढं निघायचा. पुढच्या दुकानाशी पुन्हा तेच. मी हाक मारणार होते, पण नाही मारली. त्या रस्त्याला पाट्या इतक्या होत्या, की टॉकीजपाशी पोचेपर्यंत दोघांच्या मधली दहा पावलं उरलीच नाहीत.